खालचाच प्लग का शॉर्ट होतो? जुन्या आऊटबोर्डच्या काळ्या प्लगांचा माग

प्रश्न असा आहे. जपानी बनावटीचं, दोन सिलिंडरचं, १५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन), मालवणच्या बाजूला फायबरच्या छोट्या होडीला लावलेलं. पहाटे गरीला जायचं, दोन-तीन तास इंजिन स्लोला ठेवून फिरायचं. परतताना रेस दिली की इंजिन मिसिंग मारतं आणि एका सिलिंडरवर येतं. प्लग काढून बघितले तर वरचा कोरडा काळा, खालचा ओला आणि चकचकीत काळा. नवे प्लग टाकले की थोडे दिवस बरं जातं, मग पुन्हा तेच. दोन्ही प्लगांची अदलाबदल केली तरी शॉर्ट होतो तो खालचाच. एकाने सांगितलं ऑइल कमी घाल, दुसऱ्याने सांगितलं गरम नंबरचा प्लग टाक. आणि प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलेलं एक वाक्य आहे: कूलिंगची काही तक्रार नाही, गेल्या सीझनला मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) काढून टाकलाय, पाण्याची धार जोरात आणि थंडगार येते.

प्लगांची अदलाबदल केलीत हे फार चांगलं केलंत. त्यामुळे प्लग खराब निघाला ही शक्यता संपली. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला या इंजिनात एक नाही, दोन वेगवेगळे दोष दिसतात. वरचा प्लग कोरडा काळा पडतो तो दोन्ही सिलिंडरना सारखाच लागू असलेल्या कारणाने, आणि त्यातलं मुख्य कारण म्हणजे तुमचं इंजिन गार चालतंय. खालचा ओला होतो त्यात हे कारण आहेच, शिवाय फक्त खालच्या सिलिंडरचं काहीतरी वेगळं दुखणं आहे. हे दोन दोष एकच समजून शोधायला गेलं की माणूस कार्बोरेटर उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो आणि हाती काही लागत नाही.

आधी प्लग शॉर्ट होतो म्हणजे आत काय होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप जुळेल. प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडभोवती जी पांढरी चिनी मातीची नळी असते, तिचं टोक चालत्या इंजिनात साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं पाहिजे. त्या तापमानाला वर बसलेलं काजळ आणि ऑइल जळून जातं आणि प्लग स्वतःला साफ करत राहतो. टोक त्याच्या खाली राहिलं तर कार्बनचा थर साचत जातो. कार्बनमधून वीज वाहते. मग कॉइलने पाठवलेला करंट गॅप ओलांडून ठिणगी पाडण्याऐवजी त्या थरावरून सरळ बॉडीला निघून जातो. स्लोला दाब कमी असतो म्हणून कशीबशी ठिणगी पडते. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तेवढं ते जमा होण्याआधीच गळून जातं. तुमचं इंजिन दोन-तीन तास बिनतक्रार चालून नेमकं परतीच्या वेळी रेस दिल्यावर मिसिंग का मारतं, त्याचं उत्तर इथे आहे. उलट बाजूने, टोक ८५० अंशांच्या पलीकडे गेलं तर ते निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतं, आणि मग पिस्टनला भोक पडतं. प्लगला या दोन मर्यादांच्या मध्ये राहायचं असतं.

आता थर्मोस्टॅट. आपल्या किनाऱ्यावर हा भाग काढून टाकायची सवय इतकी पसरली आहे की अनेकांना तो इंजिनात असतो हेच माहीत नसतं. कारण समजण्यासारखं आहे. खाऱ्या पाण्यात थर्मोस्टॅटवर मीठ धरतं, रेती आणि शिंपल्याचा चुरा अडकतो, तो बंद स्थितीत जाम होतो आणि इंजिन तापतं. मेकॅनिक तो काढतो, तापणं थांबतं, गिऱ्हाईक खूश. पण त्यानंतर इम्पेलरने (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) उचललेलं सगळं पाणी अखंड सिलिंडरभोवतून वाहत राहतं. समुद्राचं पाणी आपल्या अंगाला कोमट लागलं तरी इंजिनाच्या हिशेबाने ते थंडच. पूर्ण थ्रॉटलला इंजिन भरपूर उष्णता तयार करतं, तेव्हा फारसा फरक जाणवत नाही. स्लोला मात्र उष्णता जेमतेम, आणि पाणी ती लगेच घेऊन जातं. सिलिंडरच्या भिंती थंड राहतात, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ऑइल पुरतं जळत नाही. ओली लाकडं घातलेल्या चुलीसारखी आतली अवस्था होते: आच नाही, नुसता धूर आणि काजळी. याच इंजिनावर तुम्ही दोन-तीन तास गरीला फिरताय.

लहान आऊटबोर्डचे थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान उघडतात. नेमका आकडा बहुतेक वेळा त्याच्यावरच कोरलेला असतो. जुना थर्मोस्टॅट कुठे डब्यात पडून असेल तर फेकू नका. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने त्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, बाजूला थर्मामीटर धरा आणि पाणी हळूहळू तापवा. लिहिलेल्या तापमानाच्या आसपास उघडला आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला, तर तो चांगला आहे. अर्धवट उघडा राहत असेल तर नवा घ्या आणि सोबत त्याच्या झाकणाचं पॅकिंगही नवं घ्या.

पण नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी एक गोष्ट कराच. इम्पेलर काढून बघा. पाती कडक होऊन वाकडी राहिली असतील, टोकं झिजली असतील, तर नवा इम्पेलर घाला आणि हेडमधले पाण्याचे मार्ग मीठ खरवडून मोकळे करा. थर्मोस्टॅट नसताना कमकुवत इम्पेलर खपून जातो. तो बसवल्यावर तोच इम्पेलर इंजिन तापवेल, आणि मग पुन्हा थर्मोस्टॅटच्या नावाने बोटं मोडली जातील. काम झाल्यावर प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा. थर्मोस्टॅट उघडून आतपर्यंत गोडं पाणी पोचेल एवढं इंजिन तापू द्या, नाहीतर धुण्याचा अर्धाच उपयोग होतो.

धारेच्या पाण्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. काही इंजिनांत ही धार थर्मोस्टॅटच्या आधीच्या मार्गातून येते, त्यामुळे ती थंड लागली तरी हेड तापलेलं असू शकतं. धार सांगते ती एवढंच की पंप पाणी उचलतोय. तापमान बघायचं ते सिलिंडर हेडचं. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन आता स्वस्तात मिळते. इंजिन दहा मिनिटं चालल्यावर हेडवर, प्लगच्या जवळ रोखून बघा. तिथे ३५-४० अंशच दिसत असतील तर मी म्हणतोय ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

दोन्ही सिलिंडरना लागू असलेली आणखी कारणं आहेत, ती भराभर तपासून घ्या. तुमच्या इंजिनाला दोन्ही सिलिंडर मिळून एकच कार्बोरेटर आहे, म्हणजे मिश्रण गडद (पेट्रोल जास्त, हवा कमी) असेल तर दोन्ही प्लग काळे पडणार. एअर बॉक्स काढून कार्बोरेटरच्या तोंडात डोकावून बघा, चोकचा नॉब आत ढकलल्यावर आतली पट्टी खरंच पूर्ण उघडते का. लिंक झिजून पट्टी अर्धवट मिटलेली राहणं जुन्या इंजिनांत फार होतं, आणि बाहेरून नॉब जागेवर दिसत असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. कार्बोरेटरमधला तरंगता फ्लोट पेट्रोल पिऊन जड झालाय का, पेट्रोल अडवणाऱ्या नीडलच्या टोकावर रिंगण उमटलंय का, ते बघा. इंजिन बंद असताना पेट्रोलच्या नळीवरचा रबरी हातपंप दाबून कडक केल्यावर कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ओघळत असेल तर फ्लोट-नीडल गेलीच. चालत्या इंजिनाला उगाच हातपंप मारायची सवय असेल तर ती सोडा. त्या दाबाने चांगली नीडलही उचलली जाते. जेट साफ करायला तार वापरली गेली असेल तर भोक मोठं झालेलं असू शकतं. तसा संशय असेल तर जेट बदला. आणि स्लोचा स्क्रू फिरवण्याआधी तो हलक्या हाताने आत किती आटे जातो ते मोजून लिहून ठेवा, मगच हात लावा.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. किनाऱ्यावर अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर ठेवली तर तळाशी पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तयार होऊ शकतो. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत होडी वर ओढली की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरचा वाडगाही उघडून कोरडा करा. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा इंजिन चालू कराल ते ताज्या पेट्रोलवर. मात्र इथेनॉलमुळे मिश्रण गडद नव्हे, किंचित विरळ होतं. म्हणून एवढं असूनही प्लग काळे पडत असतील तर दोष पेट्रोलच्या माथी मारू नका. पेट्रोल स्वस्त पडावं म्हणून त्यात रॉकेल मिसळलं जात असेल तर गोष्ट वेगळी. रॉकेल थंड सिलिंडरमध्ये नीट जळत नाही आणि प्लग ओला करतं. रॉकेलवर चालणारी आऊटबोर्ड वेगळी बनवलेली असतात, आणि तीही पेट्रोलवर चालू करून तापल्यावरच रॉकेलवर घेतात.

आता तुम्हाला मिळालेले दोन सल्ले.

ऑइल कमी करू नका. ५० ला १ हे प्रमाण, म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, लिटरला २० मिली. २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगला, पिस्टनला, रिंगांना मिळणारं ऑइल तेवढंच, दुसरीकडून त्यांना थेंबही येत नाही. बरोबर प्रमाणात आणि बरोबर जातीचं ऑइल घातलेलं, बरोबर तापलेलं इंजिन ५० ला १ वर प्लग शॉर्ट करत नाही. म्हणून विचारायचं ते हे की ऑइल मोजून पडतं का, आणि कोणतं पडतं. बाटलीच्या झाकणाने किंवा अंदाजाने ओतलेलं ऑइल मी पाहिलं आहे तेव्हा बहुतेक वेळा ते जास्तच निघालं आहे, कारण प्रत्येकाला पिस्टन जाम होण्याची धास्ती असते. मापाचं भांडं घ्या. आधी टाकीत थोडं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल. आधी ऑइल ओतून वर पेट्रोल घातलं आणि टाकी हलवली नाही, तर ऑइल तळाला बसतं आणि पहिल्या फेरीला इंजिन नुसतं ऑइलच ओढतं.

ऑइलची जात याहून महत्त्वाची. स्कूटरसाठी मिळणारं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल हवेने गार होणाऱ्या, जास्त तापमानाला चालणाऱ्या इंजिनांसाठी असतं. त्यात असलेल्या घटकांमुळे जळल्यावर राख उरते. आऊटबोर्ड पाण्याने गार होतं, कमी तापमानाला चालतं, त्यात ती राख प्लगच्या गॅपमध्ये आणि रिंगांच्या खाचांत बसते. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं, बिनराखेचं, पाण्यावरच्या इंजिनांचं ऑइलच घ्या. किंमत जास्त आहे हे खरं. पण वर्षभरात फुकट गेलेले प्लग आणि अर्धवट सोडलेल्या फेऱ्या यांचा हिशेब मांडलात तर ते महाग वाटणार नाही.

गरम नंबरच्या प्लगचा सल्ला त्याहून धोक्याचा आहे. तुमच्या इंजिनावर बी७एचएस-१० हा एनजीकेचा प्लग लिहिलेला आहे असं तुम्ही कळवलंय. एनजीकेच्या नंबरात आकडा लहान होत गेला की प्लग जास्त गरम राहतो. म्हणजे बी६ हा बी७पेक्षा गरम. चॅम्पियनच्या नंबरांत नेमकं उलटं असतं, तिथे मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. दुकानात दुसऱ्या कंपनीचा प्लग हातात ठेवला तर याचं भान असू द्या. बी६ टाकलात तर स्लोला काजळी कमी धरेल, यात शंका नाही. पण परतताना समोरून वारा, होडीत बर्फ आणि मासळी, थ्रॉटल पूर्ण उघडा, त्यात इथेनॉलमुळे किंचित विरळ मिश्रण: अशा वेळी तोच प्लग मर्यादेबाहेर तापू शकतो. स्लोच्या कामासाठी गरम प्लग चालेल असं त्या इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तरच तो वापरा. गार इंजिनाला गरम प्लग लावणं म्हणजे दोष तसाच ठेवून पिस्टन पणाला लावणं, आणि माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. नंबरातला शेवटचा १० हा आकडा गॅपचा आहे, १.० मिलिमीटर. नवा प्लगही फीलर गेजने (गॅप मोजायच्या पट्ट्या) तपासूनच बसवा.

आता खालच्या सिलिंडरकडे येऊ. ऑइल, पेट्रोल, कार्बोरेटर, थर्मोस्टॅट ही सगळी दोन्ही सिलिंडरची सामायिक कारणं. खालचा एकटाच ओला होतो म्हणजे शोध खालच्याच वाटेवर घ्यायचा.

सगळ्यात आधी करंट, कारण तपासायला पैसे लागत नाहीत. दोन्ही प्लग काढून, वायरीच्या टोकाला असलेल्या कॅपमध्ये घालून, त्यांची बॉडी इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि दोरी ओढा. प्लग भोकांपासून लांब ठेवा. त्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि ठिणगीने ती भडकते. कॅप मोकळी सोडून दोरी ओढू नका, सीडीआय (ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइल दोन्ही त्याने मरतात. ठिणगी निळी, जाड आणि टक्क आवाजाची हवी. पिवळी बारीक असेल तर संशय धरा. दोन्हींत फरक दिसला तर खालची कॅप पिळून काढा. आतली स्प्रिंग हिरवी पडलेली, वायरीचं टोक काळं झालेलं, हे खाऱ्या हवेत नेहमीचंच. वायरीला पुरेशी लांबी असेल तर टोक अर्धा सेंटीमीटर कापून कॅप पुन्हा पिळून बसवा. मग काळोख पडल्यावर इंजिन पिंपात चालवून वायरींकडे बघा. कुठे निळसर ठिणग्या बॉडीकडे उडताना दिसल्या तर गळती सापडली. तुमच्यासारख्या अनेक लहान दोन सिलिंडरच्या सीडीआय इंजिनांत एकाच कॉइलमधून दोन्ही वायरी निघतात, त्यामुळे कॉइलच मेली असेल तर सहसा दोन्ही प्लगांवर परिणाम दिसतो. एकट्या खालच्याचा दोष बहुधा कॅप किंवा वायरीत. याहून जुनी, पॉइंटवाली इंजिनं असतात त्यांत प्रत्येक सिलिंडरचा पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल वेगळी असते. तिथे फ्लायव्हीलखाली जावंच लागतं.

करंट ठीक असेल तर माझा पहिला संशय पेट्रोल पंपाच्या पडद्यावर आहे. या पंपाला मोटर नसते. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमध्ये (पिस्टनमागची बंद पेटी) जो दाब कमीजास्त होतो, त्यावर पंपातला पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल ओढतो. बहुतेक लहान इंजिनांत हा दाब एकाच सिलिंडरच्या क्रँककेसमधून घेतलेला असतो. पडद्याला बारीकशी चीर पडली की पेट्रोल कार्बोरेटरला न जाता त्या चिरेतून सरळ त्याच एका क्रँककेसमध्ये शिरतं. कार्बोरेटर कितीही नीट लावा, त्या सिलिंडरला वेगळ्या दाराने जास्तीचं पेट्रोल मिळत राहतं आणि तेवढाच प्लग ओला होतो. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, त्यामुळे ही तक्रार आता पूर्वीपेक्षा जास्त दिसते.

तपासणी सोपी आहे. पंप उघडण्याआधी खालचा प्लग काढा, ठिणगी पडू नये म्हणून किल-स्विचची (इंजिन बंद करणारा स्विच) दोरी काढा, इंजिन बंद ठेवून हातपंप कडक होईपर्यंत दाबा आणि थोडा वेळ थांबा. पडदा शाबूत असेल तर हातपंप कडक राहतो. हळूहळू मऊ पडत असेल, बाहेर कुठे पेट्रोल गळत नसेल, आणि इंजिनाची दोरी ओढल्यावर खालच्या भोकातून पेट्रोलचा फवारा येत असेल, तर पंप उघडा. पडदा उजेडासमोर ताणून धरा. चीर कित्येकदा केसाएवढी असते आणि सपाट ठेवल्यावर दिसतच नाही. पडदा आणि पॅकिंगचा पूर्ण संच बदला, एकेक सुटा भाग नको. उघडताना थरांचा क्रम मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण पडदा आणि पॅकिंग उलटसुलट बसली तर पंप ओढतच नाही.

पंप निर्दोष निघाला तर क्रँककेसच्या तळातून निघणाऱ्या बारीक रबरी नळ्या शोधा. स्लोला चालताना न जळलेलं ऑइल आणि पेट्रोल क्रँककेसच्या तळाशी साचतं; या नळ्या ते उचलून पुन्हा जळायला पाठवतात. आऊटबोर्ड उभं असतं, त्यामुळे साचलेलं सगळं खालच्या सिलिंडरच्या वाट्याला येतं. नळी तुंबली किंवा तिच्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह जाम झाला, तर स्लोला डबकं वाढत जातं आणि थ्रॉटल उघडल्याबरोबर ते एकदम सिलिंडरमध्ये उसळतं. भस्सकन निळा धूर, आणि मिसिंग. तुमच्या वर्णनाशी हेही जुळतं. नळ्या काढून फुंकून बघा. व्हॉल्व्ह असेल तिथून हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. प्रत्येक मॉडेलची मांडणी वेगळी असते, म्हणून कोणती नळी कुठे होती त्यावर खूण करून ठेवा.

त्यानंतर कॉम्प्रेशन. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, किल-स्विचची दोरी काढून, इंजिन कोमट असताना गेज लावा आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. मला नुसत्या आकड्यापेक्षा दोन्हींतला फरक महत्त्वाचा वाटतो. वरचा ११० पौंड आणि खालचा १०५ असेल तर विसरून जा. वरचा ११० आणि खालचा ८५ असेल तर प्लग ओला राहण्याचं कारण सापडलं. मग खालच्या सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच चढला तर रिंगा झिजल्या आहेत किंवा कार्बनने खाचेत चिकटल्या आहेत. चढलाच नाही तर हेड गॅस्केट बघा. चिकटलेल्या रिंगा कार्बन विरघळवणाऱ्या औषधाने कधी कधी सुटतात, आणि हेड उघडण्याआधी तो उपाय करून बघण्यात नुकसान नाही.

हेड गॅस्केटमधून पाणी येत असेल तर प्लग वेगळा दिसतो. ओला असतो पण काळा चकचकीत नसतो. धुतल्यासारखा स्वच्छ, थेंब धरलेला, किंवा कडेला गंज आणि मीठ. बोटाला लावून बघा: पेट्रोल उडून जातं, ऑइल चिकट राहतं, पाण्याचे मणी राहतात. तुमचा प्लग चकचकीत काळा आहे, म्हणून पाण्याची शक्यता मी शेवटी ठेवतो. तुमचं इंजिन बंदीच्या काळात आडवं ठेवलं जात असेल तर एक काळजी घ्या, गिअरचा भाग हेडपेक्षा वर जाऊ देऊ नका. लेगमध्ये (इंजिनाचा पाण्यात बुडणारा पाय) राहिलेलं खारं पाणी उतरून सिलिंडरमध्ये जातं.

दुरुस्ती झाल्यावर नवे प्लग टाका, जुने साफ करून नव्हे, नाहीतर फरक कळणार नाही. जुने प्लग स्पेअर म्हणून ठेवायचे असतील तर पेट्रोल आणि पितळी ब्रशने साफ करा. रेती मारणाऱ्या मशीनवर साफ करू नका. नळीच्या खोबणीत अडकलेला एक कण सिलिंडरवर कायमचा चरा काढतो. प्लग आधी बोटांनी पूर्ण आत घाला. मग वॉशर नवा असेल तर पान्याने अर्धा आटा, जुना असेल तर पुरता टेकल्यावर फक्त थोडासा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, जोर दाखवायची ती जागा नाही.

आणि प्लग वाचायचा तर बरोबर वेळी. स्लोला धक्क्यापर्यंत येऊन काढलेला प्लग फक्त स्लोची हकीकत सांगतो. मोकळ्या पाण्यात, रहदारी नसताना, नांगर तयार ठेवून, पाऊण थ्रॉटलला काही मिनिटं चालवा, त्याच वेगात किल-स्विच ओढून इंजिन बंद करा आणि तिथेच प्लग काढा. टोक बदामी किंवा कॉफीच्या रंगाचं आणि कडेला किंचित तेलकट हवं. टू-स्ट्रोक आऊटबोर्डचा प्लग मोटरसायकलसारखा कोरडा ठणठणीत दिसत नाही, त्यासाठी हट्ट धरू नका. पांढराफटक दिसला, किंवा त्यावर चमकणारे बारीक धातूचे कण दिसले, तर इंजिन पुन्हा चालू न करता वल्हं मारत या. काळ्या प्लगाने फेरी वाया जाते. पांढऱ्याने इंजिन जातं.

गरीला स्लोवर फिरणं तुमचं कामच आहे, ते सोडा असं मी सांगणार नाही. पण दर वीस-पंचवीस मिनिटांनी गरी वर घेऊन दोन-तीन मिनिटं अर्ध्याच्या वर थ्रॉटल द्या, हळूहळू वाढवत. टोक तापून साचलेलं जळून जाईल. होडीत दोन नवे प्लग गॅप लावून डबीत बंद ठेवा, आणि सोबत २१ मिलिमीटरचा प्लग पाना बांधून ठेवा, कारण भरतीच्या ओढीत डुलणाऱ्या होडीतून तो पाण्यात जायला वेळ लागत नाही. मिसिंग सुरू झालं तर आधी नांगर टाका, मग कव्हर उघडा.

क्रम माझ्या मते असा ठेवा: आज कॅप आणि वायरी, उद्या हातपंपाची परीक्षा, मग कॉम्प्रेशन; आणि हे चालू असताना थर्मोस्टॅट व इम्पेलर मागवून घ्या. दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे, हेडचं तापमान आणि हातपंप किती वेळ कडक राहिला एवढं कळवलंत, तर इंजिन उघडायला लागेल की नाही ते मी सांगू शकेन.